खुर्चीमागचं सोंग

सभा या प्रकाराचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे. निवृत्तीला टेकलेला ग्रामसेवक हे लिहितोय, तेव्हा कुणाला कारवाई करायची असेल त्याने जरा लवकर करावी. जव्हार आणि मोखाडा, या दोन तालुक्यांतच माझी नोकरी गेली. ग्रामसभा, मासिक सभा, महिला सभा, आढावा सभा, आणि आढावा सभेत काय झालं याचा आढावा घेणारी सभा. पंख्याखाली बसून, पंख्याशिवाय बसून, सतरंजीवर, शाळेच्या बाकावर, झाडाखाली. माझ्या पाठीला जो कायमचा बाक आला आहे तो शेतात राबून आलेला नाही, सभेत बसून आलेला आहे.

त्यातून सभेत काय होणार हे मला आदल्या दिवशीच ठाऊक असतं, कारण प्रोसिडिंग मीच आधी लिहून ठेवतो. सगळेच ठेवतात. ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ हे वाक्य माझ्या हाताने इतक्या वेळा लिहिलं आहे, की पेन आपणहून पुढे जातं. चर्चा व्हायची राहिलेली असते, पण ती सविस्तर झाल्याचं लिहून झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी माणसं येतात, चहा होतो, कुणीतरी ‘मंजूर’ म्हणतं, मग बाकीचे ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात, आणि आपण घरी जातो. अशा माणसाला जपानी नाटकातलं काही कळावं हे मलाच पटत नाही. पण झालं खरं तसं.

होळीनंतर आमच्या भागात बोहाडा असतो. देवांचे, राक्षसांचे भलेमोठे मुखवटे घालून माणसं संबळाच्या तालावर गावातून नाचत जातात. एकेका मुखवट्याचा मान एकेका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. पोशेऱ्याकडे, मोखाड्याकडे हे बघायला बाहेरची माणसं येतात, कॅमेरे घेऊन येतात, परत जातात. त्या वर्षी एक जपानी बाई आली. साठीची असेल, अंगाने बारीक, पायात मातीने भरलेले बूट. तिचा मुखवट्यांचा अभ्यास होता. तिच्याबरोबर मुंबईहून आलेली एक दुभाषी मुलगी होती. तिला जपानी येत होतं, हिंदी येत होतं, मराठी मात्र जेमतेम. पंचायत समितीतून मला फोन आला, “भाऊसाहेब, परदेशी पाहुण्या आहेत, जरा बघा.” ग्रामसेवकाला इकडे सगळे भाऊसाहेबच म्हणतात. जे काम कुणाचंच नसतं ते भाऊसाहेबांचं असतं. त्या दोघी जव्हारला लॉजवर राहायच्या आणि सकाळी एसटीने माझ्या गावात उतरायच्या. पाड्यावरचं बोलणं मी हिंदीत सांगायचं आणि त्या मुलीने ते जपानीत न्यायचं, असं आमचं चाललं होतं. वाटेत त्या बोलण्याचं काय होत होतं, देव जाणे.

मुखवटे दुरुस्त करणारा म्हातारा ओढ्यापलीकडच्या पाड्यावर राहायचा. तो आमच्या सरपंचबाईंचा बाप. सरपंचबाई त्या पाड्याची लेक, ओढ्याच्या या अंगाला मोठ्या गावात दिलेली. उन्हाळ्यात तो ओढा दगडांवरून उड्या मारत ओलांडता येतो. जपानी बाई तर माझ्यापेक्षा चपळ निघाली. पावसाळ्यात मात्र पलीकडचा पाडा पलीकडेच राहतो. शाळा इकडे, रेशन इकडे, दवाखान्याची गाडी इकडे. पाणी चढलं की पोरं शाळेत येत नाहीत. मोठी माणसं झाडांना दोर बांधून, कमरेएवढ्या पाण्यातून, डोक्यावर ओझं घेऊन येतात. त्या ओढ्यावर साकव पाहिजे, माणसांना चालत जाण्यापुरता छोटा पूल, ही मागणी मी या गावात येण्याच्या आधीपासून आहे. दर वर्षी ती आराखड्यात यायची आणि दर वर्षी तिच्या जागी दुसरं काहीतरी बसायचं.

म्हातारा अंगणात मुखवटे उन्हात मांडून बसला होता. कुणाचा कान उडालेला, कुणाची सोंड भेगाळलेली. तो कागदाचा लगदा बोटाने भेगेत दाबत होता. जपानी बाईने विचारलं, याला तुम्ही काय म्हणता? मी सांगितलं, “सोंग.” मग दुभाषी मुलीला समजावं म्हणून हिंदीत पुस्ती जोडली, “मतलब ढोंग. नाटक. झूठमूठ का.”

म्हाताऱ्याचा हात थांबला. त्याने ठाण्याला बांधकामावर वर्षं काढलेली, हिंदी त्याला माझ्यापेक्षा बरी येत होती.

“ढोंग नाय, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “सोंग. तुमी नगरकडची मानसं दोन्ही एकातच घालता. सोंग म्हंजे देव चालत येतो. त्याचे पाया पडतात. ढोंगाचे कोन पाया पडतंय?”

मी ओशाळलो. आमच्या नगरकडे सोंगं आणू नको, सोंग करू नको, असंच ऐकत मोठा झालेला माणूस मी. सोंगढोंग हा आमच्यात एकच शब्द. इतकी वर्षं इकडे काढून मला हे ठाऊक नव्हतं की इथे ‘सोंग निघालं’ म्हटलं की माणसं हात जोडतात. मी मुलीला दुरुस्ती सांगितली, तिने ती पुढे पोचवली. जपानी बाईने मान हलवली आणि एक मुखवटा दोन्ही हातांत धरून हळूच खाली झुकवला. त्याचा चेहरा उदास झाला. मग थोडासा वर उचलला, तर तोच चेहरा हसल्यासारखा. तिच्याकडे, म्हणे, असंच करतात. “आमच्यात बी,” म्हातारा म्हणाला, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले. मी आणि ती दुभाषी मुलगी, आम्ही दोघं बिनकामाचे ठरलो.

त्याच आठवड्यात आमची ग्रामसभा होती. जपानी बाईला ती बघायची होती. मी परोपरीने सांगितलं की बघण्यासारखं काही नसतं. ती आलीच.

सभा शाळेच्या वर्गात. समोर टेबल, टेबलामागे सरपंचबाईंची खुर्ची, एका बाजूला माझी. मागच्या भिंतीवर कुठल्यातरी जुन्या कार्यक्रमाचा फ्लेक्स. सरपंचबाई डोक्यावरून पदर ओढून, मान खाली घालून बसलेल्या. आणि त्यांच्या खुर्चीमागे, कपाटाला टेकून, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्यांचे यजमान. सरपंचबाईंचा नवरा म्हणजे सरपंचपती. कायद्यात असं पद नाही, पण महाराष्ट्रात ते बिनविरोध असतं. माणूस वाईट नव्हता. चारचौघांत मिसळणारा, फोन कानाला चिकटलेला, तालुक्याला ओळखी राखणारा. सरपंचबाईंना कुणी काही विचारलं की उत्तर कपाटाकडून यायचं. “सरपंच मॅडमचं म्हणणं असं आहे की...” असं ते सुरू करायचे. मॅडम टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत असायच्या. सभेत बसलेला प्रत्येक माणूस उत्तर देताना, तक्रार करताना, हात वर करताना तोंड सरपंचबाईंकडेच ठेवायचा. कपाटाकडे कुणी बघत नसे. मीही नाही. माझ्या प्रोसिडिंगमध्ये तर तो माणूस कधी जन्मलाच नव्हता.

त्या दिवशीचा विषय होता गावासाठी आलेल्या कामाचा. या वेळी साकव होईल असं सगळे धरून चालले होते. पण आदल्या दिवशी सरपंचपती मला सांगून गेले होते, “भाऊसाहेब, साकव राहू द्या. सभामंडप लिहा. वरून फोन आहे.” पुढाऱ्यांची सभा घ्यायची तर गावात धड जागा नाही, असं वरच्यांचं म्हणणं. मी लिहिलं. साकव खोडून सभामंडप लिहिताना मला राग आला होता का? आला असेल. पण इतक्या वर्षांनी राग येतो तो पाठदुखीसारखा येतो, कूस बदलली की जरा बरं वाटतं.

सभेला कोरमच भरला नाही. पलीकडचा पाडा सगळा वीटभट्टीवर गेलेला, भिवंडीकडे, वसईकडे. कोरम नसला की सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला मग कोरम लागत नाही, हा आमच्या धंद्यातला सोयीचा नियम. सरपंचपती कपाटाकडून म्हणाले, “उद्याच घेऊन टाका.” मी ‘उद्या’ लिहायला पेन टेकलं, तर सरपंचबाई पुटपुटल्या, “उद्या दिवस चांगला नाय. शिमगा होऊ द्या.” दिवसाचा विषय निघाल्यावर नवऱ्याला काही बोलता येईना. त्यांनी खांदे उडवले. मी शिमग्यानंतरची तारीख लिहिली. बायकांचं काहीतरी असतं, असं मला वाटलं.

बाहेर आल्यावर जपानी बाईने विचारलं, तो मागे बसलेला माणूस कोण? मला लाज वाटली. परदेशी माणसासमोर आपलं असलं काही दिसू नये असं वाटतं. मी म्हटलं, कोणी नाही. दुभाषी मुलीने ते सांगितलं असणार, कारण जपानी बाई एकदम खूश झाली आणि म्हणाली, “कोकेन!”

मी हादरलो. म्हटलं, कसले आरोप करतेय ही बाई. आमच्याकडे फार तर मोहाची दारू. ती मुलगी हसत सुटली. मग तिने समजावलं. जपानमध्ये मुखवटे घालून करायचं एक फार जुनं नाटक आहे, नोह म्हणतात. त्यात रंगमंचावर मागच्या बाजूला एक माणूस गप्प बसलेला असतो. त्याला म्हणतात कोकेन. पात्राचा पदर सरळ करायचा, हातात पंखा द्यायचा, विसरलं तर आठवण करून द्यायची, हे त्याचं काम. तो सगळ्यांना दिसतो, पण तो दिसत नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं असतं. त्यांच्या दुसऱ्या एका नाटकात तर असली माणसं डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घालून वावरतात, आणि काळं म्हणजे नाहीच, असं बघणारे धरून चालतात.

“और एक बात,” मुलगी म्हणाली. या कोकेनला अख्खं नाटक पाठ असतं. पुढचा नट आजारी पडला, कोसळला, तर हा उठतो आणि जिथे थांबलं तिथून पुढे करतो. नाटक थांबत नाही.

तिने माझ्या फोनवर त्या नाटकाचा एक व्हिडिओ पाठवून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात कुणी नव्हतं म्हणून मी तो लावला. मला वाटलं फोन अडकला. एक मुखवटा घातलेला माणूस एका लाकडी पुलावरून रंगमंचाकडे येत होता. येतच होता. एक पाऊल टाकलं की दुसरं टाकावं का याचा विचार करत असल्यासारखा. बाजूला काही माणसं ओळीने बसलेली. त्या पात्राच्या मनातलं तीच सगळी मिळून गात होती. आमच्या पंचायत समितीत ‘मंजूर, मंजूर’ म्हणणारे सदस्य असेच ओळीत बसतात. मागच्या भिंतीवर एकच झाड रंगवलेलं. नाटक कुठलंही असो, झाड तेच असतं म्हणे. आमचा फ्लेक्सही बदलत नाही. आणि कुणीही घाईत नव्हतं. जिल्हा परिषदेतल्या फायली याच चालीने येतात. नोकरीत पहिल्यांदा मला असं वाटलं की आपल्या कंटाळ्याला कुठेतरी, समुद्रापलीकडे, मान आहे. तेवढ्यावर मला डुलकी लागली.

जागा झालो तर सरपंचबाई टेबलापाशी उभ्या. सहीसाठी आल्या होत्या. व्हिडिओ चालूच होता आणि त्या तो बघत होत्या.

“याचं पाय दुखतात का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, असंच चालायचं असतं. मग त्यांनी बोट टेकवलं ते बरोबर मागच्या माणसावर. “आनि ह्यो? ह्यो काय करतोय?”

मी सांगितलं. दिसत नाही असं धरायचं, सगळं पाठ असतं, पुढचा पडला तर हा पुढे येतो. सांगताना माझ्या डोळ्यांपुढे कपाट होतं, त्यामुळे जरा चाचरत सांगितलं.

“आनि पुढचा पडलाच नाय तर?”

“तर हा आयुष्यभर मागे बसतो.”

त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. सही केली. सातवीपर्यंत शिकलेल्या, सही वळणदार होती. जाताना दारात थांबून पुन्हा एकदा फोनकडे बघितलं. तो नट अजून पुलावरच होता.

शिमगा झाला. पलीकडचा पाडा भट्ट्यांवरून घरी आला. आणि तहकूब सभेच्या दिवशी सकाळी मला कळलं की तालुक्याहून विस्तार अधिकारी येणार आहेत. नव्याने बदलून आलेले, तरुण, इस्त्रीचा शर्ट. महिला सरपंचाच्या नातेवाईकांनी कारभारात ढवळाढवळ करू नये, तिच्या खुर्चीपाशी बसू नये, असं एक परिपत्रक आहे. ते आमच्या फायलीत सुखाने नांदत होतं. या साहेबांनी ते वाचलेलं निघालं. वर्गात शिरल्या शिरल्या त्यांनी कपाटाजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. “हे पंचायतीचे सदस्य आहेत?” वर्ग गच्च भरलेला, आणि इतक्या माणसांतल्या एकालाही तिथे कुणी बसलेलं माहीत नव्हतं. शेवटी सरपंचपती स्वतःच उठले, हसून म्हणाले, “मी आपला बाहेर थांबतो साहेब, तुमचं चालू द्या.” आणि बाहेर जाऊन खिडकीपाशी उभे राहिले. खिडकी सरपंचबाईंच्या पाठीमागे, पण मला बसल्या जागेवरून नीट दिसणारी.

त्या दिवशी जपानी बाई असायला हवी होती. ती नेमकी डहाणूकडे गेली होती.

मी विषय वाचला. गावात सभामंडप बांधणे. वाचून झाल्यावर सरपंचबाईंनी फक्त ‘बरं’ म्हणायचं, कुणाचं तरी नाव सूचक म्हणून, कुणाचं अनुमोदक म्हणून मी घालायचं, की झालं. विस्तार अधिकारी घड्याळ बघत होते. खिडकीतून सरपंचपती मला मानेने खुणावत होते, उरका.

सरपंचबाईंनी मान वर केली. पदर डोक्यावर तसाच होता, फक्त हनुवटी वर आली. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी त्यांचा चेहरा असा पूर्ण बघितला नव्हता.

“साकव लिवा, भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. उपसरपंच म्हणाले, “मॅडम, विषय सभामंडपाचा आहे.” त्यावर त्या म्हणाल्या, “सभा शाळंत होतेय. इतकी वर्षं होतेय. सभा भिजली का कदी? पोरं भिजत्यात. माझा बाप दोर धरून येतो. म्हातारपनी हात सुटंल त्याचा. साकव लिवा.” आवाज मोठा नव्हता. मागे भिंतीशी पाड्यावरची माणसं बसलेली होती, बायका, भट्टीवरून आलेली पोरं. त्यांचे हात वर झाले. कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शिमगा होऊ द्या, असं ही बाई का म्हणाली होती. दिवस चांगला नव्हता तो याच्यासाठी.

खिडकीतून खोकला आला. आधी साधा, मग मोठा. मग सरपंचपतींनी खिडकीच्या गजावर बोटांनी टकटक केली. वर्गातले सगळे खाली बघू लागले. एकमेकांना ओळखणाऱ्या गावात नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडणार? मी सरपंचबाईंकडे बघत होतो. आता ती मान खाली जाणार, असं मला वाटलं.

त्या वळल्या नाहीत. समोर बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “कोन खोकतंय? मला तर कोन दिसत नाय. तुमाला दिसतंय का कोन, भाऊसाहेब?”

मी खिडकीकडे बघितलं. ते बिचारे तिथे, गजाला हात लावून, पूर्णच्या पूर्ण दिसत होते. मी म्हणालो, “नाही बुवा.” आणि मग वर्गात कुणीतरी म्हणालं, “नाय दिसत,” आणि दुसरं, आणि तिसरं, आणि बघता बघता सगळी सभा म्हणू लागली, “नाय दिसत, नाय दिसत.” असं सर्वानुमते मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. विस्तार अधिकाऱ्यांना काय चाललंय ते कळेना. मी सभामंडप खोडलं आणि साकव लिहिलं. पुढे लिहिलं, सविस्तर चर्चा होऊन. पहिल्यांदाच ते खरं होतं, आणि मला लिहायला वेळ लागला.

सभा उठल्यावर म्हातारा बाप काठी टेकत माझ्यापाशी आला. “आज सोंग निघालं, भाऊसाहेब,” तो म्हणाला. क्षणभर मला राग आला. मनात म्हटलं, पोरीने एवढं केलं आणि बाप म्हणतो सोंग केलं. मग बघितलं तर म्हाताऱ्याने हात जोडले होते. माझ्याकडे बघून नव्हे, ती ज्या खुर्चीवर बसली होती त्या खुर्चीकडे बघून.

जपानी बाई परत आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती टाळ्या वाजवेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, मग घरी गेल्यावर काय झालं? बायकांना आधी हेच सुचतं, आणि ते बरोबरच असतं. घरी गेल्यावर काय झालं ते गावाला ठाऊक होतं. नवरा मारहाण करणाऱ्यांतला नव्हता. तो बोलायचा बंद झाला. पार पेरण्या होईपर्यंत घरात त्याने बायकोशी शब्द काढला नाही. सरपंचबाई सहीला यायच्या, सही करायच्या, जायच्या. एकदा मी कसं काय विचारलं तर म्हणाल्या, “घर लई शांत झालंय.” सरपंचपतींनी मला मात्र बोलून घेतलं. “तुम्हाला मी दिसत नव्हतो काय, भाऊसाहेब?” मला त्यांची खरंच कीव आली. इतकी वर्षं न दिसण्यावर सगळा कारभार चाललेला, आणि एक दिवस तेच त्यांच्या अंगावर आलं.

बोहाडा बघून जपानी बाई गेली. जायच्या आधी एका संध्याकाळी त्या दोघींना मी जव्हारजवळ शिरपामाळावर घेऊन गेलो. पाहुणे आले की न्यायचं म्हणून नेलं. ती दरीकडे बघत बसली आणि मी पाठ चोळत बसलो. मला तिला सांगायचं होतं की बाई, तुमच्या नाटकात कोकेन पुढे आला तर पुढचं नाटक तो करतो, आमच्यात तसं नाही. आमच्यात ठराव पुढे जातो, मग तांत्रिक मंजुरी, मग प्रशासकीय मंजुरी, मग त्रुटी, मग त्रुटींची पूर्तता. त्या पुलावरच्या नटाच्या चालीने. पण हे सगळं हिंदीतून जपानीत न्यायचं म्हणजे त्या पोरीला त्रास. राहू दिलं.

साकव मंजूर होईपर्यंत सरपंचबाईंची मुदत संपली. पुढच्या वेळी स्त्रियांचं आरक्षण उठलं आणि त्यांचे यजमान स्वतः उभे राहिले, निवडूनही आले. म्हणजे कपाटाजवळचा माणूस आता रीतसर खुर्चीवर आला. कारभार काही वाईट करत नाही. सभेत आता थोडा अडखळतो मात्र. मागून आवाज यायचा तेव्हा त्याला जोर असायचा.

साकव झाला तो यंदा, बोहाड्याच्या तोंडावर. उद्‌घाटनाला पुढारी आले, गाड्या आल्या, फ्लेक्स लागला. कोनशिलेवर पुढाऱ्यांची नावं आणि खाली सरपंच म्हणून यजमानांचं. मजकूर वरूनच आला होता. माझं काम फक्त स्पेलिंग बघायचं. सरपंचबाई, म्हणजे माजी सरपंचबाई, बायकांच्या घोळक्यात पार मागे उभ्या होत्या. पुढे खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी कुणी त्यांना बोलावलं नाही. बोलवायचं काम माझं होतं म्हणावं तर माझ्या हातात कात्रीचं तबक.

भाषणं चालू असताना पलीकडच्या काठावरून म्हातारा निघाला. काँक्रीट वाळल्यापासून पाड्यावरची माणसं साकव वापरतच होती. उद्‌घाटनाआधी चालायचं नसतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या डोक्यावर टोपलीत फडक्यात गुंडाळलेला मुखवटा होता, बोहाड्यासाठी मोठ्या गावात आणायचा. त्याचे पाय आता फार थकले आहेत. तो एकेक पाऊल टाकत, कठड्याला हात लावत येत होता. येतच होता. पुढारी बोलायचे थांबले. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. सगळे उभे राहून एका म्हाताऱ्याची वाट बघत होते, आणि तो कुणाकडेच बघत नव्हता. गावातल्या माणसांनी टोपली ओळखली. एकेकाने हात जोडले. ते बघून पुढाऱ्यांनीही जोडले, सरपंचांनीही.

म्हातारा या टोकाला आला तर पोटाला लाल फीत लागली. “ही दोरी कोनी बांदली?” त्याने विचारलं. त्याला वाटलं, अजून दोर धरूनच यायचं की काय. कुणी हसलं नाही. मागच्या घोळक्यातून सरपंचबाई पुढे आल्या, एका हाताने फीत वर उचलली, बापाला खालून काढलं, टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. फीत परत जागच्या जागी आली. मग पुढाऱ्यांनी ती कापली, टाळ्या झाल्या. फोटोत बाई नाहीत.

गाड्या गेल्यावर मी सतरंज्या गोळा करवून घेत होतो. बापाला गावात पोचवून त्या एकट्याच परत आल्या होत्या आणि साकवाच्या मध्यावर कठड्याला टेकून उभ्या होत्या. खाली दगड कोरडे होते. मी जवळ गेलो. मनात होतं तेच विचारलं, “राग नाही येत तुम्हाला?”

“येतो की,” त्या म्हणाल्या. “लई येतो. पन आता पुलावर उभं ऱ्हाऊन येतो, भाऊसाहेब. पान्यात उभं ऱ्हाऊन नाय.”